आई अंथरुणाला, बोलावणं सातपुड्यातलं: मार्क ३:३५ मी कसं वाचू?

राहुरीची_लेक (प्रश्न)

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

बरेच दिवस इथं नुसतं वाचतेय, लिहितेय आज पहिल्यांदा. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी ३८ वर्षांची, नर्स. लग्न केलेलं नाही. पुण्यात १४ वर्षं आयसीयूत नोकरी केली. दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीबरोबर (चर्चबरोबर) दहा दिवसांच्या वैद्यकीय शिबिराला नंदुरबार जिल्ह्यात गेले होते, धडगावच्याही पुढं, सातपुड्यात. तिथं नऊएक वर्षांच्या एका मुलीला तिची आई पहाटेपासून पाठीवर घेऊन डोंगर उतरून आली होती. सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. हाडं इतकी दुखत होती की पोरीनं ओरडायचंही सोडलं होतं, दात आवळून पडलेली. सलाईनला शीर सापडेना, तिसऱ्या वेळी सापडली. तिची आई माझ्याशी पावरी बोलीत बोलत होती. मला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, आणि ती माझा हात सोडत नव्हती. त्या रात्री मी देवाला हो म्हणाले. तिथल्या दवाखान्याला तीन वर्षांसाठी नर्स हवी होती. येत्या जूनपासून जायचं ठरलं. मंडळीनं प्रार्थना केली, निरोपाच्या उपासनेची तारीखही धरली.

आणि नाताळाच्या आठवडाभर आधी आईला अर्धांगवायूचा झटका आला. वय ७३. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ बंद झालं. ती दादा-वहिनीकडे असते, राहुरीजवळच्या खेड्यात. दादाची तीन एकर शेती आणि चार गाई. वहिनी अंगणवाडी सेविका.

मी एक शनिवार सोडून एसटीनं जाते. पोचले की पहिलं काम आईचा उजवा हात. मूठ घट्ट मिटलेली असते. जोर लावून उघडत नाही ती, मनगट आधी थोडं आत वाकवावं लागतं, मग अंगठा, मग एकेक बोट. आत तळवा ओला, पांढरा पडलेला, नखांचे चार चंद्र उमटलेले. कोमट पाण्यानं पुसायचा, कोरडा करायचा आणि रुमालाची गुंडाळी ठेवून मूठ पुन्हा मिटू द्यायची. हे मी शेकडो पेशंटचं केलंय. आईचं करताना मला कुठं बघावं ते कळत नाही.

आता मुद्दा. मागच्या महिन्यात प्रार्थनागटात मी म्हणाले की जूनचं पुढं ढकलावं का. गटातले एक वडीलधारे बंधू लगेच म्हणाले, "ताई, 'माझी आई कोण?' असं खुद्द प्रभूनंच विचारलंय. जो देवाच्या इच्छेप्रमाणे करतो तोच भाऊ, बहीण, आई, मार्क ३:३५. आता तुमचं कुटुंब आम्ही." सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले. घरी येऊन झोप लागली नाही. त्याच आठवड्यात दादाला फोन केला तर तो म्हणाला, "जा तू. देवाचं नाव घेतलंस की आम्ही गप्पच बसायचं."

आमच्या घरात देवाचं कुटुंब ही नुसती प्रवचनातली गोष्ट नाही, म्हणून हे जास्त लागलं. माझ्या आईची आजी १९०० च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये केडगावला आली, सहा-सात वर्षांची. तिला स्वतःचं गाव सांगता यायचं नाही. लग्नात तिच्या बाजूनं जे उभे राहिले ते सगळे मुक्तीतलेच. म्हणजे आमचं माहेर मुळातच रक्ताचं नाही. आई स्वतः २२ वर्षं बायबलबाई होती. बायबल सांगत, खांद्याला पिशवी लावून गावोगाव चालायची, आणि त्या दिवसांत आम्हा दोघांना मंडळीतल्या बाया सांभाळायच्या. शेजारच्या काकूंच्या हातचा भात खाऊन मी मोठी झाले. मला कोणी आत्मिक कुटुंब समजावून सांगायची गरज नाही. तरी ते वचन त्या दिवशी मला एखाद्यानं दार लावून घ्यावं तसं ऐकू आलं.

अजून एक लिहायलाच हवं, नाहीतर खोटं होईल. आयसीयूत आठ तास झाले की हँडओव्हर देऊन घरी जाता येतं. आईच्या खाटेपाशी हँडओव्हर नाही. कधीकधी वाटतं, मला सातपुड्यात देव बोलावतोय की मीच या खाटेपासून पळतेय?

देवाची इच्छा कोणती, हे अशा वेळी ओळखायचं कसं? आणि मार्क ३:३५ मी कसं वाचू?

---

निवृत्त_पाळक_सोलापूर

प्रिय ताई, सलाम.

३४ वर्षे पाळकपण केले, आता मुलाकडे राहतो. ही ओवी घरातल्या भांडणात वापरलेली मी फार वेळा ऐकली आहे, म्हणून आधी मजकुराकडेच जाऊ.

३१ व्या ओवीपासून वाचू नका, २० व्या ओवीपासून वाचा. घरात इतकी गर्दी की येशूला व शिष्यांना जेवताही येईना. हे कानावर गेल्यावर त्याचे आप्त त्याला धरून न्यायला निघाले, कारण याचे भान सुटले आहे असे त्यांना वाटले. मग मध्ये यरुशलेमेहून आलेल्या शास्त्र्यांचा आरोप येतो, आणि त्यानंतर आई व भाऊ येऊन बाहेर उभे राहतात व त्याला बोलावणे पाठवतात. तेव्हा तो आत भोवती बसलेल्यांकडे पाहून ३५ व्या ओवीतले शब्द बोलतो. मार्काची ही हातोटी आहे, एक गोष्ट अर्धी सांगून मध्ये दुसरी घालतो व मग पहिलीकडे येतो. याइराची मुलगी आणि रक्तस्रावाने पीडलेली बाई, तिथेही तसेच. तेव्हा ३५ वी ओवी आजारी आईविषयी नाही. हातातल्या कामावरून त्याला उठवून न्यायला जे आले होते, त्यांच्या निरोपाला दिलेले ते उत्तर आहे. तुमच्या आई तुम्हाला कुठून उठवून न्यायला आलेल्या नाहीत. त्या स्वतःच उठू शकत नाहीत.

आणखी एक बघा. येशू म्हणतो भाऊ, बहीण, आई. बाप म्हणत नाही. दहाव्या अध्यायात "आम्ही सर्व सोडून तुझ्यामागे आलो" म्हणणाऱ्या पेत्राला उत्तर देताना सोडून दिलेल्यांच्या यादीत बाप आहे, पण शंभरपटीने मिळणाऱ्यांच्या यादीत घरे, भाऊ, बहिणी, आया, मुले, शेते आहेत आणि बाप नाही. त्या काळच्या घरात शेवटचा शब्द बापाचा असे. या नव्या घरात ती जागा स्वर्गातल्या पित्याची आहे. ती दुसऱ्या कोणाला दिलेली नाही, पाळकाला नाही आणि प्रार्थनागटाच्या पुढाऱ्यालाही नाही. त्या बंधूंचा हेतू चांगलाच असणार. पण देवाची इच्छा अमुकच आहे असे त्यांनी तुमच्या वतीने ठरवायचे, हे या ओवीत बसत नाही.

तुमच्या दादांचे वाक्य मला फार लागले. "देवाचं नाव घेतलंस की आम्ही गप्पच." त्याच मार्काच्या सातव्या अध्यायात येशू कर्बानाविषयी बोलतो. आईबापांना जे द्यायचे ते "देवाला वाहिले" म्हणून जाहीर करायचे, की त्यांच्यासाठी काही करण्यातून सुटका. त्यावर येशू चिडला आहे. ज्याच्या तोंडी ३:३५ आहे त्याच्याच तोंडी हेही आहे. आणि वधस्तंभावर, श्वास पुरत नसताना, त्याने आईची सोय लावली. भावांच्या हाती सोपवली नाही, प्रिय शिष्याच्या हाती सोपवली (योहान १९). आत्मिक कुटुंब तिथे आईच्या ऐवजी आलेले नाही, आईसाठी आले आहे.

प्रार्थना करून मंडळीने सांगितले म्हणजे झाले का? प्रेषितांची कृत्ये २१ वाचा. पौल यरुशलेमेस निघाला, आणि सोर नगरातल्या शिष्यांनी आत्म्याच्या प्रेरणेने त्याला जाऊ नको म्हणून सांगितले. कैसरियात तर लोक रडले. पौल म्हणाला, जाणारच. शेवटी ते म्हणाले, प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो. दोन्हीकडे प्रार्थना करणारीच माणसे होती. त्यामुळे मतभेद झाला म्हणून कोणाचा विश्वास उणा ठरत नाही.

आता माझा एक प्रश्न. तुम्ही एवढे मनापासून लिहिले. त्यात दादांचे म्हणणे आहे, त्या बंधूंचे आहे, तुमचे आहे. बावीस वर्षे देवाचे वचन घेऊन चाललेल्या तुमच्या आईंचे म्हणणे कुठेच नाही. त्यांना कोणी विचारले आहे का?

---

नवा_कामकरी

ताई, मी वयानं लहान आहे, पण मनापासून सांगतो. जा. मी इंजिनिअरिंगची नोकरी सोडून सेवेत आलो तेव्हा घरात सहा महिने माझ्याशी कोणी नीट बोललं नाही. आई आजारी पडली, सगळे म्हणाले तुझ्यामुळेच. मी तेव्हा मागं फिरलो असतो तर आज इथं नसतो. नांगराला हात घालून मागं पाहणारा देवाच्या राज्याला उपयोगी नाही (लूक ९:६२). देवानं पाठवलं तेव्हा उलट्या दिशेला पळालेल्या योनाकडेही कारणं होतीच की. दरवेळी काहीतरी अडचण येणार, तीन वर्षांनी दुसरी येईल. तुम्ही त्या रात्री देवाला हो म्हणालात, ते विसरू नका. त्या मुलीच्या आईला तरी दुसरं कोण आहे?

---

निवृत्त_पाळक_सोलापूर

बाळा, तुझ्या शेवटच्या वाक्यात वजन आहे, ते मी हलके करणार नाही. तू जे सोसलेस त्याबद्दलही आदर आहे. पण नांगराची ओवी वाचताना १ राजे १९ शेजारी ठेव. अलीशाही नांगरतच होता, बारा जोड्या होत्या. एलिया संदेष्ट्याने त्याला बोलावणे म्हणून त्याच्यावर झगा टाकला तेव्हा तो म्हणाला, आईबापांचे चुंबन घेऊन येतो. एलियाने अडवले नाही. अलीशाने बैल कापले, नांगराच्या लाकडांवर मांस शिजवून लोकांना वाढले, आणि मग गेला. लूकमधला माणूस आणि अलीशा दोघेही घरच्यांचा निरोपच मागत होते. एकाला कडक उत्तर मिळाले, दुसऱ्याला मोकळीक. माणूस बघून बोलणे असते. आणि लूक १४:२६, म्हणजे आईबापांचा द्वेष केल्याशिवाय शिष्य होता येत नाही ही ओवी, कोणी टाकण्याआधीच सांगतो, त्याचा अर्थ मत्तय १०:३७ मध्ये उघडा केलेला आहे, "माझ्यापेक्षा अधिक प्रीती". आईवरची प्रीती काढून टाका असे तिथेही नाही.

---

मागे_राहिलेला

जालन्याहून लिहितोय. ताई, मी तुमच्या दादाच्या जागेवर नऊ वर्षं होतो.

वडिलांना कंपवात. मोठा भाऊ परराज्यात सुवार्तिक. तो गेला तेव्हा मंडळीनं त्याला शाल घातली, गाणं म्हटलं, मी टाळ्या वाजवल्या. माझी बायको त्या वेळी सात महिन्यांची गरोदर होती आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून वडिलांना उठवून बसवायला आम्ही दोघंच. दरवर्षी भावाचं पत्रक यायचं, फोटो, किती गावं झाली, किती सभा झाल्या. वडील ते उशाखाली ठेवायचे. ज्या हातांनी ते उशाखाली ठेवायचे ते हात मी धूत होतो, हे पत्रकात कुठून येणार.

मार्कचा तिसरा अध्याय उपासनेत वाचला गेला की माझं लक्ष आत बसलेल्यांकडे जायचंच नाही. बाहेर उभे आहेत त्यांच्यात मी. मला वाटायचं, प्रभू, मीही तुझ्या इच्छेप्रमाणेच करतोय ना? मग मी बाहेर का?

चौथ्या वर्षी मी उपासनेला जायचंच बंद केलं. राग होता आणि झोपही नव्हती. दोन-तीन महिने कोणाच्या लक्षात आलं नाही, तेही खरं सांगतो. मग एका बुधवारी रात्री रेल्वेतून निवृत्त झालेले आमच्या मंडळीतले एक आजोबा दारात उभे. हातात घोंगडी. म्हणाले, "तू झोप. मी बसतो." मला वाटलं एक दिवसाचं आहे. पुढच्या बुधवारी पुन्हा आले. मग शुक्रवारची रात्र दुसऱ्या दोघांनी घेतली. वडिलांना रात्री दोनला लघवीला लागायचं, ते आजोबा बरोबर पावणेदोनला उठवायचे, पांघरूण ओलं होऊ द्यायचे नाहीत. पाच वर्षं. मध्ये एकदा ते स्वतः दवाखान्यात होते तेवढेच बुधवार चुकले.

माझ्यासाठी आत्मिक कुटुंब म्हणजे ती पाळी. बुधवार कोणाचा, शुक्रवार कोणाचा.

भाऊ अंत्यविधीला आला. त्यानं प्रार्थना फार सुंदर केली. मी त्याच्याशी अजून नीट बोललेलो नाही. बोलायला हवं, माहीत आहे.

तुम्ही जा किंवा राहा, ते मी सांगणार नाही. पण रात्री दोन वाजता कोण उठणार हे ठरल्याशिवाय निघू नका. आणि जी मंडळी म्हणतेय "आता तुमचं कुटुंब आम्ही", तिला विचारा की मग तुमच्या आईचं कोण? तुमचं कुटुंब असतील तर ती त्यांचीही आई झाली. दादा देवावर चिडलेला नाही हो. थकलेला आहे.

---

वसईची_मावशी

मी कॅथलिक, त्यामुळे थोडं आमच्या बाजूनं. आमच्याकडे वसईत घराघरांतून फादर आणि सिस्टर निघाल्या, म्हणून हा प्रश्न आम्हाला रोजचा. माझी धाकटी बहीण व्रतस्थ आहे, बावीस वर्षं झाली. बाबांचं शेवटचं दुखणं आलं तेव्हा तिनं सुपिरिअरना, म्हणजे त्यांच्या मठाच्या प्रमुख सिस्टरना, सांगितलं. त्यांनी तिला वर्षभर जवळच्या कॉन्व्हेंटमध्ये पाठवलं, ती रोज संध्याकाळी घरी येऊन बाबांना भरवायची. तिचं पाचारण काही मोडलं नाही त्यानं. बाबा गेले, चाळिसावा झाला, ती परत गेली.

आणि पवित्र मरियेला त्या गोष्टीत बाहेर उभी केली म्हणून ती परकी झाली असं समजू नका. "तुझ्या शब्दाप्रमाणे मला होवो" हे पहिल्यांदा कोण म्हणालं? संत ऑगस्टीननं म्हटलंय की ख्रिस्ताला पोटात धरण्यापेक्षा विश्वासानं धरण्यात मरिया अधिक धन्य ठरली. देवाच्या इच्छेप्रमाणे करणारी ती आई, ही व्याख्या तिला लागू पडतेच. प्रेषितांची कृत्ये उघडा, माडीवरच्या खोलीत शिष्यांबरोबर प्रार्थनेत ती आहे, येशूचे भाऊही आहेत. जे बाहेर होते ते आत आले. त्यांतला याकोब तर पुढं यरुशलेमच्या ख्रिस्तसभेचा खांब झाला.

तुमच्या आई बायबलबाई होत्या म्हणता. त्या तर केव्हाच्या आत बसलेल्या आहेत, बाय. त्यांना बाहेर कोणी उभं केलं?

---

राहुरीची_लेक

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण त्यातले बरेच दिवस घरीच होते.

पाळकसाहेब, तुमचा प्रश्न वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि बराच वेळ तशीच बसले. आईला कोणीच विचारलं नव्हतं. मी तर नर्स. बोलता न येणाऱ्या पेशंटला कसं विचारायचं हे मी नव्या मुलींना शिकवते. स्वतःच्या आईशी मी फक्त "दुखतंय का, पाणी हवं का" एवढंच बोलत होते.

आईचं बोलणं असं आहे: चहा हवा का विचारलं तर "चहा" हा शब्द तिला सापडत नाही, डोळ्यांत पाणी येतं. पण "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू केलं की न अडखळता शेवटपर्यंत म्हणते. जुनी गाणीही. पाठ झालेलं आणि गाण्यातलं बऱ्याचदा शाबूत राहतं, झटक्यात नेहमीच्या बोलण्याची वाट तुटते. म्हणून त्या शनिवारी संध्याकाळी आधी आम्ही प्रभूची प्रार्थना म्हटली. तिचा डावा हात माझ्या हातात. मग मी सरळ विचारलं, "आई, मला तिकडं डोंगरात दवाखान्यात बोलावलंय. तीन वर्षं. जाऊ?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि स्पष्ट म्हणाली, "जा."

मी रडायला लागले. ती थांबली नव्हती पण. तोंड हलत होतं, शब्द येत नव्हता. डाव्या हातानं स्वयंपाकघराकडे दाखवत होती. मी म्हटलं, भूक लागली? मान हलवली, नाही. पाणी? नाही. शेवटी तिनं जोर लावून काढला तो शब्द. "सून." आणि परत, "सून... सून."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. वहिनी भाकरी थापत होती. मी म्हटलं, आई तुझं नाव काढतेय. ती काही बोलली नाही, तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, दोन महिन्यांत अंगणवाडीचे अकरा दिवस बुडाले, मानधन कापलं गेलं, आणि मुख्य म्हणजे आईंना एकटीनं उचलताना तिची कंबर गेली आहे. दादाला सांगितलं नव्हतं. मला तर नाहीच. मी दर पंधरा दिवसांनी यायचे, आईचा तळवा पुसायचे, केस विंचरायचे आणि देवाच्या इच्छेचा विचार करत एसटीत बसायचे. वहिनी माझ्या त्या लांबलचक प्रश्नात फक्त "अंगणवाडी सेविका" एवढ्या दोन शब्दांत आहे. आज परत वाचलं तेव्हा दिसलं.

आई परत एकदा म्हणाली, झोपताना. "जा." आणि खूप वेळानं, "आत्ता... नको." दोन्ही म्हणाली. मी दोन्ही धरून चालतेय.

सातपुड्यातल्या दवाखान्याला फोन करून खरं ते सगळं सांगितलं. ते म्हणाले, ऑक्टोबरपर्यंत जागा ठेवू, पुढचं सांगता येणार नाही. तरुण बंधूंनी विचारलं होतं, त्या मुलीच्या आईला तरी दुसरं कोण? ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. हे चार महिने तिथं नर्स नाही, ही किंमत दुसरंच कोणी मोजणार आहे, आणि ती मला रोज आठवते. पण इथून असंच निघून गेले असते तर वहिनीच्या कमरेवर पाय देऊन गेले असते.

मी बिनपगारी रजा घेऊन घरी आलेय. गावातल्या आमच्या छोट्या मंडळीत रविवारी उपासनेनंतर उभी राहिले आणि जालन्याच्या दादांनी सांगितलं तसं विचारलं, रात्री दोनला कोण उठेल? आधी शांतता. मग महिला मंडळातल्या पाच जणी पुढं आल्या. त्यातल्या एका काकूंच्या हातचा भात मी लहानपणी खाल्लाय, त्या आता स्वतः सत्तरीच्या. त्यांना मी उचलायचं काम देणार नाही, त्या नुसत्या बसतील आणि गाणी म्हणतील, आई त्यांच्याबरोबर म्हणते. बाकीच्यांना शिकवतेय. दर दोन तासांनी कूस बदलायची, ओढायचं नाही, चादरीसकट सरकवायचं. टाचांखाली उशी, टाच अधांतरी राहिली पाहिजे. भरवताना पूर्ण बसवायचं, हनुवटी खाली, पेज घट्टसर, घोट गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा चमचा नाही. उजवी मूठ कशी उघडायची हे वहिनीला शिकवायला गेले तर ती माझ्यापेक्षा हलक्या हातानं उघडते. खोबरेल लावून. माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

तक्ता दाराच्या मागं चिकटवलाय. दादानं त्यावर स्वतःचं नाव पहिल्या रकान्यात लिहिलं, पहाटे चार ते सहा, धारा काढायच्या आधी. बोलणं अजून कमीच आहे आमचं. पण काल एसटी स्टँडवरून औषधं घेऊन आला आणि न विचारता म्हणाला, ऑक्टोबरात तिकडं थंडी असेल, घोंगडी ने.

पुण्याच्या त्या बंधूंना मी पत्र लिहिलं, आमचं काय ठरलं ते सगळं. त्यांचं उत्तर आलं नाही, पण गटाकडून हवेची गादी आली आणि महिन्याला दोन हजार रुपये पाठवायचं त्यांनी ठरवलंय. ते वचन त्यांच्या तोंडून मला इतक्यात पुन्हा ऐकायचं नाही. गादी लगेच घातली. आईच्या माकडहाडापाशी लाली यायला लागली होती, ती उतरली.

वसईच्या मावशी, तुमचं शेवटचं वाक्य मी आईला वाचून दाखवलं. ती हसली. डाव्या बाजूनंच हसते आता.

तक्त्यात सोमवारची दुपार अजून रिकामी आहे, वहिनीची बैठक असते आणि दादा डेअरीवर. ऑक्टोबरनंतर ती कोणीतरी घ्यायला हवी. राहुरी-वांबोरी भागातलं कोणी हे वाचत असेल तर दुपारी दोन ते पाच. उचलावं लागत नाही, एकदा कूस बदलायची आणि चारला पेज. यायचं असेल तर इथं निरोप टाका, आधी एक दिवस माझ्याबरोबर बसून शिकून घ्या. जेवण आमच्याकडे.